सात घुसले, सहा अडवायला: मायामीत रेव्हन्सचं काय चुकलं

२०२१ ची दिवाळी होऊन आठवडा झाला होता, फराळाच्या डब्यात चकलीचा चुरा आणि दोन बेसनाचे लाडू उरलेले, आणि शुक्रवारी सकाळी पावणेसातला चहा घेऊन मी मॅच लावली. तिकडे गुरुवारची रात्र, तारीख ११ नोव्हेंबर. अमेरिकन फुटबॉल (मेस्सीवाला नाही), बाल्टिमोर रेव्हन्स विरुद्ध मायामी डॉल्फिन्स. खरं सांगायचं तर ही मॅच बघण्यासारखी होईल असं कुणालाच वाटत नव्हतं. रेव्हन्स सहा जिंकून दोन हरलेले, डॉल्फिन्स दोन जिंकून सात हरलेले. त्यात रेव्हन्सचा बॉल टाकणारा लमार जॅक्सन मूळचा त्याच भागातला पोरगा, आणि २०१९ मध्ये ह्याच मैदानावर त्याने पाच टचडाउन पास (टचडाउन म्हणजे मैदानाच्या टोकाच्या एंड झोनमध्ये बॉल नेणं) टाकून मायामीला ५९-१० धुतलं होतं. ऑफिसला निघायच्या आत निकाल लागलेला असेल अशा हिशोबाने मी बसलो होतो.

निकाल लागला, २२-१०, पण मायामीच्या बाजूने. लमारला चार सॅक (बॉल टाकायच्या आत त्यालाच पाडणं), एक इंटरसेप्शन (पास समोरच्यांनी झेलणं), एरवी नुसत्या पळण्यावर मॅच काढणारा हा माणूस त्या दिवशी ३९ यार्डांवर थांबला. सुरुवातीला एक फील्ड गोल (लाथेने मारलेला, तीन पॉइंट) आणि त्यानंतर थेट चौथ्या क्वार्टरच्या शेवटी मार्क अँड्र्यूजचा टचडाउन, मधे अख्खा भोपळा. चार सॅक हा आकडा तसा काही भयंकर नाही, ह्याहून वाईट दर रविवारी कुठे ना कुठे होत असतं, पण ज्याने ती मॅच बघितली त्याला माहितीये की सॅक मोजून काही कळत नाही, कारण जवळजवळ प्रत्येक पासच्या वेळी कुणीतरी एक जण लमारच्या तोंडावर मोकळा येत होता आणि बॉल घाईघाईत कुठेतरी फेकला जात होता.

मी तेव्हा काय केलं, तर रेव्हन्सच्या लाइनला, म्हणजे लमारच्या पुढे अडवणाऱ्यांना, शिव्या घातल्या. विशेषतः लेफ्ट टॅकल, म्हणजे लाइनच्या डाव्या टोकाच्या, व्हियानुएव्हाला. नंतर तीच मॅच आणखी दोनदा बघितली, पॉज करून, माणसं मोजून, आणि माझं मत पार बदललं. म्हणून हे लिहितोय.

आधी नुसतं मोजू

दोन्हीकडे अकरा अकरा जण. हल्ला करणाऱ्या टीममध्ये पाच जण लाइनवाले, त्यांचं काम अडवणं. एक क्वार्टरबॅक, बॉल टाकणारा. उरलेले पाच पास झेलू शकतात, पण त्यातल्या रनिंग बॅकला (बॉल घेऊन पळणाऱ्याला) बहुतेक वेळा मागे क्वार्टरबॅकजवळ थांबवतात. म्हणजे अडवायला सहा आणि झेलायला बाहेर गेलेले चार, रिसिव्हर.

आता समोरच्यांनी ठरवलं की त्या चौघांवर एकास एक असे चार जण लावायचे, मागे राखणीला कुणीच ठेवायचं नाही, आणि बाकीचे सगळे क्वार्टरबॅकवर सोडायचे. अकरातून चार गेले, सात उरले. अडवायला सहा. एक सुटला. ह्याला कव्हर झिरो म्हणतात, झिरो म्हणजे मागे सेफ्टी, म्हणजे शेवटचे राखणदार, शून्य.

मग तुम्ही म्हणाल टाइट एंडलाही (लाइनच्या टोकाला उभा राहणारा, अडवतोही आणि झेलतोही) आत घ्या. घेतला. अडवणारे सात झाले, बाहेर तीन. समोरच्यांनी त्या तिघांवर तीन लावले आणि आठ सोडले. परत एक सुटला. आणखी एकाला आत घ्या, परत तेच. कितीही जणांना आत घेतलं तरी हा एक माणूस सुटतोच, कारण तुमच्या अकरातला क्वार्टरबॅक स्वतः कुणाला अडवत नाही आणि त्यांच्याकडे मात्र अकराच्या अकरा कामाला लागलेत. हे गणित कुठलाही कोच बदलू शकत नाही.

म्हणजे झिरो ब्लिट्झ (ब्लिट्झ म्हणजे असे जादा जण क्वार्टरबॅकवर सोडणं) आला की प्रश्न 'सगळ्यांना अडवलं का' हा नसतोच. सुटणारा माणूस कुठून सुटणार, त्याला पोचायला किती वेळ लागणार, आणि तेवढ्या वेळात बॉल कुठे जाणार, हे तीन प्रश्न असतात. पहिल्या प्रश्नाचं उत्तर लाइनने द्यायचं: आतून बाहेर अशा क्रमाने माणसं पकडायची आणि सगळ्यात बाहेरचा, सगळ्यात लांबचा आहे त्याला सोडायचं, कारण त्याला जास्त पळावं लागतं. तिसऱ्याचं उत्तर रिसिव्हर आणि क्वार्टरबॅकने मिळून द्यायचं, त्याला हॉट म्हणतात, म्हणजे ब्लिट्झ दिसला की अमुक रिसिव्हरने लांबचा रूट (पळायचा ठरलेला मार्ग) सोडून लगेच वळायचं आणि बॉल तिथे दीड-दोन सेकंदात पोचलाच पाहिजे.

आता मायामीची खरी लबाडी

नुसते सात सोडले असते तर रेव्हन्स इतके गोंधळले नसते. डॉल्फिन्सचा हेड कोच ब्रायन फ्लोरेस, पॅट्रियट्सच्या तालमीत तयार झालेला, आणि डिफेन्सचा को-ऑर्डिनेटर जॉश बॉयर. ह्यांनी काय केलं, तर स्नॅपच्या (बॉल मागे देऊन डाव सुरू व्हायच्या) आधी सात-आठ जण लाइनला चिकटून उभे केले, दोन सेफ्टी, ब्रँडन जोन्स आणि नवखा जेव्हॉन हॉलंड, तेही अगदी पुढे, आणि मग कधी सगळे यायचे, कधी चारच, कधी पाच.

लाइन अडवते कशी हे इथे बघावं लागेल. पाच जण प्रत्येकी आपापला माणूस धरतात असं नेहमी नसतं. बहुतेक वेळा सेंटर, म्हणजे लाइनचा मधला, ओरडून एक दिशा ठरवतो आणि तीन-चार जण त्या बाजूला सरकतात, ज्याच्या वाट्याला जो येईल तो त्याचा, आणि दुसऱ्या बाजूच्यांनी आपापला माणूस बघायचा आणि रनिंग बॅकने तिकडून कोण येतंय त्यावर लक्ष ठेवायचं. हे सरकणं साध्या ब्लिट्झला भारी असतं. पण लाइनवर आठ जण उभे असताना हे म्हणजे पंगतीत सगळे वाढपी आमटी घेऊन एकाच रांगेकडे धावल्यासारखं होतं, तिकडच्या पानात तीन तीन वेळा वाढलं जातं आणि समोरच्या रांगेत पान कोरडं.

आणि डिफेन्स नेमकं हेच वाचतो. ह्या प्रकारच्या झिरो लुकमध्ये मधल्या माणसाला साधा नियम दिलेला असतो: सेंटर तुझ्याकडे वळला तर तू मागे हो, तुझ्याकडे पाठ केली तर घुस. मग होतं काय, रेव्हन्सचे तीन लाइनवाले डावीकडे सरकले, तिथले डॉल्फिन्स झटकन मागे गेले, आता हे तिघं हवेला अडवतायत, आणि उजवीकडून एक सेफ्टी आणि एक लाइनबॅकर (डिफेन्सच्या लाइनमागचा माणूस) एकट्या रनिंग बॅकवर. म्हणजे आले पाच, अडवायला सहा, आणि तरीही एक मोकळा. मी पॉज करून मोजलं तेव्हा पहिल्यांदा वाटलं माझंच चुकलं असेल, परत मोजलं.

शिवाय मागे गेलेले ते दोघं कुठे जातात, तर बरोबर मधे, जिथे क्वार्टरबॅकला झटपट स्लँट (आत तिरक्या वळलेल्या रिसिव्हरला छोटा पास) टाकायचा असतो. म्हणजे ब्लिट्झचं जे पाठ केलेलं उत्तर, त्याच्यावरही माणूस उभा. आता क्वार्टरबॅकने करायचं काय? थांबला तर सेफ्टी अंगावर, टाकला तर खोट्या ब्लिट्झवाला बॉल घेणार.

रेव्हन्सकडे तेव्हा काय होतं

माणसांची बाजू न सांगणं अन्याय होईल. त्या सीझनला ह्या टीमला दुखापतींची साडेसातीच लागली होती. जे. के. डॉबिन्स प्रीसीझनमध्येच गेला, गुडघा. गस एडवर्ड्स सीझन सुरू व्हायच्या काही दिवस आधी प्रॅक्टिसमध्ये, तोही गुडघा. जस्टिस हिलची टाच. म्हणजे ज्या रनिंग बॅक्सनी आधीपासून ह्याच भाषेत ब्लिट्झ उचलला होता ते सगळे घरी, आणि त्यांच्या जागी डेव्होंटा फ्रीमन आणि लेव्हिऑन बेल, दोघंही एके काळी नावाजलेले पण ह्या टीममध्ये ऐनवेळी आलेले. (बेलला तर ह्या मॅचनंतर आठवड्याच्या आत सोडून दिलं.) ब्लिट्झ उचलणं हे ताकदीपेक्षा ओळखीचं काम आहे, सेंटरने काय ओरडलं, गार्ड (सेंटरच्या शेजारचा) कुठपर्यंत जाणार, माझा पहिला माणूस कोण आणि तो नाही आला तर दुसरा कोण, हे सगळं सेकंदाच्या आत. नवीन सुनेला पहिल्याच दिवशी अख्ख्या घराचा स्वयंपाक सांगावा तसला प्रकार.

लाइनमध्ये रॉनी स्टॅन्ली, टीमचा सगळ्यात चांगला टॅकल, पहिल्या मॅचनंतर घोट्यामुळे बाहेर. मग उजवीकडे खेळायला आणलेला व्हियानुएव्हा डावीकडे गेला. मधे बोझमन सेंटर, हाही त्याच वर्षी गार्डवरून सेंटरला आलेला.

आणि वेळ. आदल्या रविवारी, ७ नोव्हेंबरला, हीच टीम व्हायकिंग्सशी ओव्हरटाइमपर्यंत झुंजून ३४-३१ जिंकली होती आणि लमार त्यात १२० यार्ड पळाला होता. नंतर चार दिवसांत गुरुवार. अशा आठवड्यात पूर्ण जोमात प्रॅक्टिस होतच नाही, मीटिंग आणि चालत चालत रिहर्सल. प्रोटेक्शनचे, म्हणजे क्वार्टरबॅकला राखायचे, नियम हे नेमके चालत चालत न शिकता येणारे.

हे सगळं मान्य. पण.

पण माझ्या मते दोष प्लॅनचा होता

कारण ही गोष्ट गुपित नव्हती. २०२० च्या १ नोव्हेंबरला ह्याच फ्लोरेसने ह्याच मैदानावर रॅम्सच्या जॅरेड गॉफला ह्याच पद्धतीने गुदमरवलं होतं, मायामी २८-१७, आणि गॉफकडून चार वेळा बॉल गेला. व्हिडिओ सगळ्यांकडे. म्हणजे 'असं येऊ शकतं' हे माहीत होतं. एवढं येईल, मॅचभर येईल, हे वाटलं नसेल, ठीके, पण पहिल्या क्वार्टरनंतर तर दिसत होतं ना?

मग रेव्हन्सनी काय केलं बघा. एक तर रिसिव्हर्सना स्क्रीन द्यायचा प्रयत्न केला, बाजूला झटकन टाका आणि पुढे दोघं अडवतील. कागदावर बरोबर. पण डॉल्फिन्सचे कॉर्नर (रिसिव्हर राखणारे) एकास एक चिकटून उभे आणि त्यांना माहितीये की मागे मदत नाही म्हणजे बॉलही लांब जाणार नाही, कारण लांब टाकायला वेळच नाहीये, मग ते बिनधास्त पुढे येऊन धडकत होते. रेव्हन्सचा रिसिव्हर सॅमी वॉटकिन्स, त्याचा फंबल (हातातला बॉल सुटणं) असाच, छोटा पास, डॉल्फिन्सचा कॉर्नर झेवियन हॉवर्डने बॉल ओढून काढला, स्वतःच उचलला आणि ४९ यार्ड पळत टचडाउन. मॅच तिथेच फिरली, स्कोअर १५-३. लोक हा फंबल वॉटकिन्सच्या नावावर टाकतात. मला तो अर्धा प्रोटेक्शनच्या नावावर वाटतो, कारण पास छोटाच येणार हे हॉवर्डला ठाऊक होतं.

दुसरं, बाकीचे रूट लांबच राहिले. तीन-चार वेळा मी बघितलं, लमारवर माणूस आला तेव्हा एकाही रिसिव्हरने मान सुद्धा वळवलेली नव्हती. रेव्हन्सचा ऑफेन्स को-ऑर्डिनेटर ग्रेग रोमन, त्याचा तो सगळा ऑफेन्स रन-गेमवर उभा, पास म्हणजे रनचा धाक दाखवून मधे खोल टाकायचा, त्यात झटपट उत्तरं मुळातच कमी. रनचा धाक असेल तर लाइनबॅकर अर्धा सेकंद अडखळतो, पण झिरोमध्ये अडखळायचं कुणाला पडलंय, तो तर स्नॅपच्या आधीच निघालेला.

तिसरं लमार स्वतः. माझा आवडता खेळाडू, तरी सांगतो. माणूस सुटला की तो पाठीमागे सरकतो, आपल्या पायांवर भरवसा म्हणून. एरवी ते चालतं, समोर एक जण असला तर तो त्याला सहज चकवतो. पण मागे सरकलं की टॅकलचं सगळं गणित बिघडतं, टॅकलने आपल्या माणसाला ज्या कोनातून बाहेर ढकललेलं असतं त्याच कोनात क्वार्टरबॅक जाऊन उभा राहतो. व्हियानुएव्हा दोन-तीनदा हरलेला दिसतो तो असा. मी ज्याला शिव्या घातल्या तो बिचारा निम्म्या वेळा आपलं काम करत होता.

आणि ज्याचं मला सगळ्यात आश्चर्य वाटतं ते असं की पॅट्रिक रिकार्डसारखा एकशे चाळीस किलोच्या आसपासचा फुलबॅक (मागे उभा राहून अडवणारा) तुमच्याकडे आहे, त्याला आणि टाइट एंडला दोन्ही टोकांना आत घेऊन फक्त दोन रिसिव्हर सोडायचे, असं सलग करून बघायला काय हरकत होती? एक तरीही सुटेल, वर मोजलंच आपण, पण तो पार टोकाकडून येईल, पोचायला वेळ लागेल, आणि हॉलिवूड ब्राउनसारख्या वाऱ्यासारख्या पळणाऱ्या माणसावर मागे कुणी नसताना एकच कॉर्नर. एकदा तो सुटला असता ना, तर फ्लोरेसने दुसऱ्यांदा विचार केला असता. ह्या ब्लिट्झची किंमत वसूल करायची असते, नुसता तो सहन करून चालत नाही. रेव्हन्सनी चार क्वार्टर तो सहन केला.

किंवा स्नॅपची लय बदलायची. खोटा आवाज देऊन ते आधी पुढे येतायत का बघायचं, कोण खरा कोण खोटा ते उघडं पाडायचं. किंवा घाई करायची, हडल (डावाआधीचा घोळका) न करता लगेच पुढचा डाव, म्हणजे आठ जणांना लाइनवर सजून उभं राहायला वेळच मिळणार नाही. पास टाकायची जागा हलवायची, क्वार्टरबॅकला एका बाजूला पळवत बॉल टाकायला लावायचा. ह्यातलं थोडं थोडं त्या रात्री दिसलं, पण मुळाला धरून असं काहीच नाही.

मायामीकडे ऑफेन्सही काही लय भारी नव्हता बरं का. त्यांचा क्वार्टरबॅक जॅकोबी ब्रिसेटला गुडघ्याला लागलं, मग बोटाला फ्रॅक्चर असलेला दुसरा क्वार्टरबॅक टुआ आला, आणि त्यांच्या रॉबर्ट हंट नावाच्या धिप्पाड गार्डने बॉल झेलून एंड झोनमध्ये कोलांटउडी मारली, गार्डने पास झेलणं नियमात बसत नाही म्हणून ती रद्द झाली पण बघण्यासारखी होती. असल्या टीमला २२ पॉइंट पुरले ते तिकडे दहाच झाले म्हणून.

नंतर

त्या रात्रीनंतर सगळ्या लीगला चावी सापडली असं म्हणतात. मला ते थोडं वाढवून सांगितलेलं वाटतं, कारण फ्लोरेसकडे होते तसे एकास एक राखणारे कॉर्नर प्रत्येकाकडे नसतात आणि ते नसले तर झिरो म्हणजे आपल्याच पायावर धोंडा. पण परिणाम दिसला. २८ नोव्हेंबरला ब्राउन्सविरुद्ध लमारचे चार इंटरसेप्शन, मॅच कशीबशी १६-१० जिंकली. ५ डिसेंबरला स्टीलर्सनी सात सॅक काढले आणि रेव्हन्स एका पॉइंटने हरले. १२ डिसेंबरला लमारचा घोटा गेला. ८-३ वर असलेली टीम शेवटच्या सहाही मॅच हरून ८-९ वर संपली. डॉल्फिन्सनी ही मॅच धरून सलग सात जिंकल्या, ९-८ केलं, आणि तरी फ्लोरेसला काढलं, ते का ते वेगळंच महाभारत आहे.

प्रकरणाचा दुसरा भाग १८ सप्टेंबर २०२२ ला, बाल्टिमोरमध्ये. फ्लोरेस गेलेला पण बॉयर तोच, झिरो तोच. रेव्हन्सकडेही को-ऑर्डिनेटर तोच रोमन. आणि माणसं? स्टॅन्ली अजून बाहेरच. त्याच्या जागी आलेल्या जेम्सची टाच पहिल्याच मॅचला गेली म्हणून लेफ्ट टॅकलला मेकारी, म्हणजे तिसरा पर्याय. सेंटरला लिंडरबॉम, त्याच वर्षी ड्राफ्ट केलेला (कॉलेजातून निवडलेला), आयुष्यातली दुसरीच मॅच. डॉबिन्स आणि एडवर्ड्स अजून परतलेले नाहीत. कागदावर बघाल तर अडवणारे आदल्या वर्षीपेक्षा कच्चे.

त्या दिवशी लमारचे ३१८ यार्ड, तीन टचडाउन पास, २९ पैकी २१ पूर्ण. ब्लिट्झ आला, रशॉड बेटमन तीन पावलांत आत वळला, लमारने मागे न सरकता बॉल सोडला, आणि पुढे मैदान रिकामं होतं, ७५ यार्ड, टचडाउन. अडवणाऱ्यांनी विशेष काही केलंच नव्हतं, करायला वेळही लागला नाही.

मॅच मात्र तरी हरले, ४२-३८, चौथ्या क्वार्टरला २१ पॉइंटची आघाडी असताना. टुआने सहा टचडाउन टाकले. पण ते रेव्हन्सच्या डिफेन्सचं प्रकरण, त्याला वेगळा चहा लागेल.